बाबांची ब्रेक लाइन

सुदामा नगरातल्या आमच्या घरी कपाट हलवायचं म्हटलं तरी बाबा आधी त्याचं ड्रॉइंग काढतात. समोर दिसते ती कड अखंड रेघेने, आड गेलेली तुटक रेघेने. तिथेच घोडं अडतं. कपाट काही हलत नाही आणि मी चिडते.

माझे बाबा, चिंतामण, परदेशीपुऱ्यातल्या पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. दिवाळीनंतर तिथला ड्रॉइंग सेक्शन बंद झाला. तेव्हापासून ते दुपारी झोपतात आणि उठल्यावर जास्तच दमलेले दिसतात. मला ते बघवत नाही. राऊच्या एका कॉलेजात ड्रॉइंग शिकवायला माणूस हवा होता. इंटरव्ह्यू उद्यावर आला होता, आणि छप्पन्नाव्या वर्षी दुसरं बोलावणं येणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

बायोडेटा मी टाइप करणार होते. त्यांनी कच्चा कागद पुढे केला. वर '१९९४ : ड्राफ्ट्समन', खाली '२०२५ : ड्राफ्ट्समन' आणि मधे एक नागमोडी रेघ.

"हे काय, बाबा?"

"ब्रेक लाइन. लांब शाफ्ट कागदावर मावत नाही ना, तर दोन टोकं काढायची, मधला भाग कापायचा. मतलब, मधे सेम टू सेम आहे."

"आणि मधे काही बदललं असलं तर?"

"तर नाही चालत. ड्रॉइंग गलत." आवाजात जीव नव्हता, पण नियम ठासून सांगितला.

मला रागच आला. "मी दोन हजार दोनची आहे. मी झाले ते मधेच ना? आई गेली ते?"

त्यांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला.

"आई गेली त्याच वर्षी मला हेड ड्राफ्ट्समन केलं होतं," ते म्हणाले. "आठ महिने केलं. मग मीच लिहून दिलं, नको म्हणून. सात-सात वाजेपर्यंत रुकावं लागायचं. तू शाळेतून येऊन कुलपासमोर बसलेली असायचीस."

ते कुलूप मला आठवत होतं. हेड ड्राफ्ट्समनचं मात्र मी आज पहिल्यांदा ऐकत होते.

"हे बायोडेटात टाकू या."

"पागल आहेस का? पोस्ट का सोडली, विचारतील ना."

"विचारू देत."

त्यांनी खोडरबर घेतलं, नागमोडी रेघ सावकाश खोडली आणि कागदावरचा चुरा फुंकला.

"लिही," म्हणाले. "सोडण्याचं कारण : मुलगी दारात बसून असायची."