पोटुशी बाईला बसायला जागा

आमच्या कोळंबी सोलायच्या शेडमध्ये हात बर्फात आणि पाय ओल्या लादीवर. तासाभरात बोटं आपली वाटेनाशी होतात. काशीदपासून मुरूडपर्यंतच्या गावांतल्या बायका इथे येतात, आणि सगळ्या उभ्या. बसून करायचं काम एकच, पॅकिंगचं, आणि तिथे सगळे पुरुष. का, तर म्हणे पहिल्यापासून तसंच आहे!

माझी धाकटी जाऊ पाचव्या महिन्यात होती. आधीचं मूल पोटातच गेलं होतं, इथे उभ्या उभ्याच. म्हणून यंदा युनियनच्या मागण्यांत आम्ही बायकांनी एक घातली: पोटुशी बाईला पॅकिंगवर बसवा. मॅनेजरसाहेबांशी बोलणी ठरली, तेव्हा बायकांतर्फे मला पाठवलं. युनियनचे अध्यक्ष कोण, तर माझे चुलत सासरे. ज्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नाही, तेच.

खुर्ची होती, पण मी भिंतीला टेकून उभी राहिले. मॅनेजरसाहेबांना वाटलं, मी चहापाण्याची बाई. "पाणी आणा जरा," म्हणाले. आणि मी गेले की! सासऱ्यांच्या बैठकीत पाणी मागितलं की आमचे पाय आपोआप आत वळतात. परत आले, तर सगळे कागद आवरत होते. पुरुषांच्या ओव्हरटाइमचं जमलं होतं. आमची मागणी पुढच्या वर्षावर ढकलली होती.

मी ट्रे टेबलावर ठेवला. "मामंजी, आमचं काय झालं?"

"सूनबाई, घरी बोलू."

"घरी न्हाय. हितंच बोला."

मामंजींचा चेहरा पडला. मॅनेजरसाहेब माझ्याकडे बघतच राहिले.

"पुढच्या वर्षी ते पोर रांगत असेल," मी म्हणाले. "जगलं तर."

मग मामंजींनीच कागद पुन्हा पुढे ओढला आणि आमची मागणी करारात घालून घेतली.

शेडमधल्या बायकांनी मला मिठ्या मारल्या. मी ठोकळ्यासारखी उभी. आनंद नाही, राग नाही, काही म्हणजे काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊ पॅकिंगच्या टेबलाशी जरा टेकली आणि लगेच उठली. तिथूनच मला विचारते, "ताई, खरंच बसू ना? कुणी उठवणार न्हाय ना?"

"बस गं बाई," मी म्हटलं आणि बर्फात हात घातले.

माझी दोन गेली, ती याच लादीवर. तेव्हा मला कुणी बस म्हटलं नव्हतं, आणि बसू का म्हणून विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.