आमच्या मधमाश्या आणि सुमनकाकू

सुमनकाकू आमच्या मधमाश्यांना विष घालतात, अशी माझी पक्की खात्री होती.

आज पहाटे काकू गेल्या. नवीन जालन्यात, मुलाच्या घरी.

फोन आल्यापासून एका जागी बसवत नाहीये, म्हणून लिहिते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. तीर्थपुरीजवळच्या एका गावात माझे वडील मास्तर होते. आमचं घर बौद्धवाड्याच्या टोकाला. कुंपण संपलं की नानासाहेबांचं शेत, आणि शेतातच त्यांचं घर. सुमनकाकू त्यांची सून.

आईची बाग अजब होती. कोथिंबीर, शेपू, कांदा, सगळं ती मुद्दाम फुलू द्यायची.

वडील वैतागायचे. "अगं, कोथिंबीर वरणात टाकायची असते."

"वरणाची येगळी लावली. ही माश्यांची हाय."

चिमण्यांसाठी बाजरीचं कणीस टांगलेलं. कुंपणाशी मातीच्या पसरट भांड्यात पाणी, आणि माशी बुडू नये म्हणून त्यात खडे. मेंदीच्या कुंपणात एक लहानसं मोहोळ लागलं, तेव्हा आईनं आम्हाला दमच दिला, "मधाकडं बघायचंबी न्हाई."

त्या साली नानांनी संकरित कापसाच्या बियाण्याचा प्लॉट घेतला. बायका एकेक कळी हातानं सोलायच्या, दुसऱ्या दिवशी एकेका फुलाला हातानं पराग लावायच्या. जालन्याहून कंपनीचा सुपरवायझर आला आणि म्हणाला, "जवळपास दुसरा कापूस नको. माशी त्याचा पराग आणते, बियाण्यात भेसळ होते. सापडला तर प्लॉट कॅन्सल."

नानांनी त्यातलं "माशी" तेवढं ऐकलं.

कुंपणाशी येऊन म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमच्या माश्या माझा प्लॉट बाटवून राह्यल्या."

बाटवून! शब्द बघा माणसाचा.

आईनं तो गिळला. "नाना, माझ्या अंगणात कापसाचं एक बोंड तरी हाय का? झेंडूनं कापूस बिघडत नसतो."

"ते मला सांगू नका. मव्हाळ काढा, न्हाई तर मी जाळतो."

आणि त्याच आठवड्यात भांडं आपोआप भरायला लागलं.

दुपारपर्यंत ते कोरडं पडायचं. आई धुणं घेऊन विहिरीवर जायची, परत येऊन बघते तर काठोकाठ पाणी. गावात तेव्हा फवारणीची औषधं नवी नवी आली होती. ती पिऊन माणसं गेल्याचं ऐकून होतो, माशीची काय कथा! आईनं पाणी हुंगलं. ओतून दिलं. भांडं राखेनं घासलं, पुन्हा भरलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

मग मी पाळत ठेवली. फुल डिटेक्टिव्ह! आणि दिसल्या कोण? डोईवर पदर, हातात तांब्या, सुमनकाकू.

आई म्हणाली, "बघ. सासऱ्यानं सुनेला कामाला लावलं. त्या घरातून आपल्याला शिव्या सोडून फुकट काय आलंय आजवर?"

वडील म्हणाले, "पण माशी मेली का एखादी तरी?"

"आज न्हाई मेली. उद्याचं तुम्ही सांगता का?"

सुपरवायझर पुन्हा येणार होता, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी नाना दोन गडी घेऊन आले. काठीला रॉकेलचं फडकं गुंडाळलेलं. वडील शाळेत. आई मेंदीपुढं जाऊन उभी राहिली, मी तिच्या मागं. मोहोळ पेटलं असतं तर कुंपण पेटलं असतं, आणि बागही.

आई हलेना. गड्याचा हात काडी ओढायला धजेना.

"वढ की!" नाना ओरडले.

तेवढ्यात शेतातून सुमनकाकू आल्या. बुडापासून तोडलेलं एक झाड फरफटत ओढत. देवकापूस होता तो. देवाच्या वातींसाठी त्यांच्या सासूनं न्हाणीमागं लावलेला.

काकूंनी तो नानांच्या पायाशी टाकला.

"मामंजी, साहेब दुसरा कापूस म्हणले ना? हा घ्या. आपल्याच परसातला. माश्यांला कशाला जाळता?"

नानांनी झाडाकडं बघितलं, गड्यांकडं बघितलं, आणि निघून गेले. माफीची अपेक्षा नव्हतीच.

काकूंना मात्र ते महागात पडलं. देवाचं झाड तोडलं म्हणून सासूनं त्यांच्या हातची वात पुन्हा कधीच देवापुढं लागू दिली नाही.

त्या सकाळी परत जाताना काकू आईला म्हणाल्या, "बाई, भांड्यात पाणी मीच घालते. कोरडं पडलं की माश्या आमच्या हौदावर येतात आन् बुडून मरतात."

आई नुसतं "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दुपारी भांडं भरलेलं होतं. आई शेजारीच बसून राहिली. एक माशी आली, खड्यावर टेकली, पाणी प्यायली, उडाली. आई तिच्या मागं मागं कुंपणापर्यंत गेली. ती नीट मोहोळावर बसल्यावरच आईनं पाणी राहू दिलं. अशी होती आमची आई!

खूप वर्षांनी जालन्यात काकूंना विचारलं, "आई पाणी ओतून द्यायची, तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. तुरीआडून दिसायचं की."

"राग न्हाई आला?"

"आला की. घरी जाऊन रडले." मग म्हणाल्या, "मंग वाटलं, ह्या लेकरांला आमच्या रांजणातलं आजवर ओंजळभर पाणी कुणी दिलं न्हाई. आन् आता माश्यांला तांब्याभर? शक येणारच. बराबर होतं तुझ्या आईचं."

संशय घेतल्याची मला लाज नाही. त्याच्यावरच आम्ही जगलो.

पण तुमच्याबाबतीत तो खोटा ठरला काकू, आणि त्याचा आनंद मला जन्मभर पुरला.

आज खूप रडू येतंय.

आईच्या आणि माझ्या वतीनं तुम्हाला शेवटचा नमस्कार, सुमनकाकू.