ओरेस्टने पॉइंट उडवले

विनिपेगच्या उत्तर भागात वर्ना ह्रित्साक ग्रोसरीला निघाली की तिला आडवं जायची कुणाची टाप नाही. जन्मभर स्कूलबस चालवून निवृत्त झालेली ही बाई दुकानात शिरते ती मोहिमेवर निघाल्यासारखी. फोनमध्ये चार दुकानांची अ‍ॅपं. गुरुवारी नवे दर लागले की कुठे लोणी उतरलं, कुठे कोंबडी चढली, हे तिला चहा संपायच्या आत ठाऊक असतं. मात्र चार दुकानं पालथी घालायला तिला पेट्रोल फुकट मिळत नाही. ती एकाच दुकानात जाते आणि काउंटरवर फोन पुढे करते. "त्यांच्याकडे हे चार डॉलरला आहे. तुम्हीही चारलाच द्याल ना?" दुकानाचा नियमच तसा आहे, त्यामुळे मुकाट देतात.

यंदा तिने नातीला, लारिसाला, शब्द दिला होता. लग्नाआधी सोशल करायचं, म्हणजे हॉल घ्यायचा, तिकिटं लावायची आणि नाचगाण्यातून लग्नाचा खर्च काढायचा, हा इथला रिवाज. त्यातलं सगळं खाणं, राय ब्रेड, कुबासा म्हणजे लसूण घातलेलं सॉसेज, हॅम, चीज, काकडीचं लोणचं, आजीच्या पॉइंटांतून येणार होतं. खरेदीवर दुकानाच्या कार्डात वर्षानुवर्षं साठवलेले हे पॉइंट शुक्रवारी दीडपट भावाने चालणार होते, आणि सोशल होतं शनिवारी. "पॉइंटांवर सोशल?" म्हणून सुनेने नाक मुरडलं. "तू फक्त खायला ये गं," वर्ना म्हणाली.

तिला खरा घोर होता नवऱ्याचा. पानगळीच्या दिवसांत ओरेस्टला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण जीभ जड झाली. चर्चच्या तळघरात पत्ते कुटताना ज्याच्या गप्पा आवरता आवरत नसत, तो माणूस आता फोन वाजला की बाथरूममध्ये जाऊन बसायचा. एकटा घराबाहेर पडणं त्याने सोडलंच होतं.

"सोशलला मी... येत नाही," त्याने सांगून टाकलं होतं. "लोक माझ्या... तोंडाकडे बघतात."

वर्नाने लाडीगोडी लावून पाहिली, आदळआपट करून पाहिली. गडी ढिम्म हलला नाही.

बुधवारी ती पोहून घरी आली, तर स्वयंपाकघरातलं टेबल हॅम, कुबासा आणि ब्रेडने भरून गेलेलं. शेजारी ओरेस्ट, अंगात अजून कोट, चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा फुललेला.

"तुझी... दगदग नको म्हटलं. मीच आणलं. बसने."

"आणि पैसे?"

"काउंटरवरची पोरगी म्हणाली, कार्डावरचे पॉइंट वापरायचे का? म्हटलं... वापर की!"

वर्नाने फोन उघडला. शून्य. दोन दिवस दम धरला असता तर दीडपट माल आला असता. हॅम उद्यापासून स्वस्त होणार होतं. आणि शनिवारचा ब्रेड कुणी बुधवारी आणतं? तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"अरे माणसा, तुला एवढंही..." ती म्हणाली आणि मध्येच थांबली. "तू बोललास तिच्याशी?"

"हो. तिने विचारलं, एवढं कुणासाठी? म्हटलं, लारिसासाठी. नाव तिला... एकदाच सांगितलं, लगेच कळलं."

वर्ना खुर्चीत बसली. राग कुठे गेला तिचा तिलाच कळेना. ब्रेड तिने फ्रीझरमध्ये टाकला आणि खाणं किती कमी पडतंय याचा हिशेब मनातच केला.

"चीज कमी पडेल," ती म्हणाली. "शुक्रवारी तूच आण. दुसऱ्या दुकानाचा दर दाखवून."

"मी... भांडू?"

"भांडू नकोस. सांग नुसतं. मी गाडीतून सोडते."

शुक्रवारी ती दुकानातल्या फुलांच्या बादल्यांआड उभी राहिली. ओरेस्टने चीज ठेवलं, फोन पुढे केला. काउंटरवरची मुलगी नवी होती.

"आजोबा, हा दर गेल्या आठवड्याचा दिसतोय."

ओरेस्टने तोंड उघडलं. शब्द येईना. कान लाल झाले. मागचा गृहस्थ भला होता बिचारा. "मी बोलू का यांच्या वतीने?" तो म्हणाला. वर्नाने एक पाऊल टाकलं आणि बादलीचा काठ घट्ट धरला.

ओरेस्टने हात वर केला. "थांबा. माझं... मी बोलतो." एक श्वास घेतला. "दर काल... बदलला. खाली तारीख आहे. बघा."

मुलीने बघितलं. "सॉरी हं. बरोबर आहे तुमचं."

वर्ना तिथेच, भर दुकानात, ढसाढसा रडली. कुणी बघितलं तर बघू दे.

"काय झालं?" चीजची पिशवी सांभाळत ओरेस्ट तिच्याजवळ आला.

"काही नाही. उद्या कुठला शर्ट घालणार आहेस?"

तो विचारात पडला. शब्द जुळायला त्याला वेळ लागला, आणि ती थांबली.

"निळा," तो म्हणाला. "इस्त्री... करून ठेव."