उसनं कणीस

आमचं दोघांचं शेवटचं साधं काम म्हणजे वाकळ शिवणं. माझी बायको गंगा टाके घालायची, मी कापड ताणून धरायचो. आज सुनेनं वाकळा उन्हात टाकल्या, जुन्या लुगड्यांचा वास आला, आन् जळकोटातली ती दुपार पुन्हा समोर उभी राहिली.

वाकळीच्या कोपऱ्यांत तिनं जोंधळ्याचं कणीस काढलं होतं. मी म्हणालो, "ही नक्षी तर शेजारच्या सुभद्राची हाय. चोरलीस व्हय?"

"मी काय कोंबडी उचलली का कुणाची?" ती फणकारली. "तिच्या दोरीवर बघितलं, मनात बसलं. उद्या वाकळ घिऊन जाते तिच्याकडं. शेवटचा टाका तिच्या हातचा. सांगितलं की उसनं, लपवलं की चोरी."

गल्लीतल्या बायकांची ही रीतच होती. तवा मला ते येड वाटायचं. आता तिचे तेच शब्द माझ्या जिभेवर येतात, पण ऐकायला ती न्हाई.

त्याच राती ती झोपेतच गेली.

सकाळी बाया तिला शेवटची आंघोळ घालत होत्या. मी वाकळ काखेत मारली आन् सुभद्राचं दार गाठलं. ती आमच्याकडंच निघाली होती.

"दादा, आज हे कशाला? लोक काय म्हणतील?"

"तुझं कणीस घेतलंय तिनं. सांगायचं राहून गेलं. चोर म्हणून न्हाई जाऊ द्यायची मला तिला."

सुभद्रा नक्षीवरून हात फिरवत राहिली. "म्या तर जावेचं घेतलं होतं, दादा. न सांगता." मग रडत रडत तिनं सुई ओवली.

टाका पडला. मी घरी येऊन लोकांना म्हणालो, "उचला आता."