आईच्या कुत्र्याचं तिकीट

ताज्या प्लायवूडचा वास आला की मालवणच्या आमच्या पडवीतला तो पिंजरा आठवतो. वडील गेल्यावर मी आईला लिस्बनला माझ्याकडे नेणार होतो आणि तिची अट एकच होती, कुत्रा बरोबर यायला हवा. सुताराने विमानाच्या मापाचा पिंजरा करून दिला, आईने त्यात आपली जुनी साडी अंथरली आणि महिनाभर रोज दुपारी त्याला आत झोपायला शिकवलं. निघायला आठ दिवस उरले असताना कणकवलीच्या गुरांच्या डॉक्टरांनी कुत्र्याचे कागद पाहिले. "ओळखीची चिप आधी बसवायची असते, रेबीजची लस नंतर. तुमचं उलट झालंय. आता लस पुन्हा, महिन्याने रक्ततपासणी आणि मग तीन महिने थांबायचं, म्हणजे चार महिने तरी जातील." माझी रजा संपत आली होती, म्हणून घरी मी काहीच बोललो नाही. निघायच्या सकाळी कुत्र्याला शेजाऱ्यांच्या अंगणात बांधलं आणि आईला म्हटलं, "तो पाठच्या विमानान येतलो, आये." महिन्याभरात तो अन्नपाणी सोडून मेला, हे शेजाऱ्यांनी फोनवर कळवलं आणि तेही मी लपवलं. शेवटच्या आजारात आईने विचारलं, "इलो काय रे तो?" मी म्हणालो, "वाटेत आसा." आता आईही नाही. रजा वाढवून मागता आली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं.