साडेचार महिने उरलेला पासपोर्ट

आमच्या लेकीचं, गौरीचं बाळ दीड महिन्याचं झालं आणि आम्ही तिच्याकडे क्वालालंपूरला जायची तिकिटं काढली. आमचे हे पोफळीच्या वीजगृहातून निवृत्त झालेले, यादी केल्याशिवाय भाजीलाही जात नाहीत. निघण्याआधी त्यांनी माझी बॅग तीनदा तपासली. दरवेळी आमसुलं बाहेर काढली, दरवेळी मी परत भरली.

विमान दुपारचं असलं तरी रत्नागिरीहून आदल्या दिवशीच निघा, महामार्गाचा भरवसा नाही. चिपळूणला मिसळ मात्र खा.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट लगेच परत दिला. ह्यांचा दोनदा पाहिला. पोचल्यापासून निदान सहा महिने वैध लागतो, ह्यांचे साडेचारच उरले होते. भारतीयांना तिथे सध्या व्हिसा लागत नाही, त्यामुळे आधी कुणी कागद पाहिलेच नव्हते. आमची गौरी तिथली कायमची रहिवासी आहे, असं हे ऐटीत म्हणाले. सवलत असलीच तर ती तुमच्या मुलीला, वडिलांना नाही, असं काउंटरवरची शांतपणे म्हणाली.

आम्ही बाकावर बसलो. हे म्हणाले, आता दोघंही परत जाऊ. मी चिपळूणपलीकडे कधी एकटी गेले नव्हते. पण बाळ डोळ्यांपुढून हलेना.

"तुम्ही घरी जा. मी पुढे होते," मी म्हटलं.

ह्यांनी माझं तिकीट माझ्या हातात दिलं. मग विचारलं, "जमेल गो तुला?"

"नाही जमलं तर कुणाला तरी विचारीन."

क्वालालंपूरला अधिकाऱ्याने किती दिवस राहणार एवढंच विचारलं. मी परतीचं तिकीट आणि नातवाचा फोटो, दोन्ही दाखवलं. फोटो त्याने मागितला नव्हता. पुढचे दहा दिवस बाळाला अंघोळ घातली आणि कोपऱ्यावरच्या टपरीत डाळीबरोबर मिळणारी, पराठ्यासारखी रोती चनाय खायला एकटी जाऊ लागले.

ह्यांनी तत्काळमध्ये नवा पासपोर्ट काढला आणि हे अकराव्या दिवशी पोचले. विमानतळावरून घरी आणायला मीच गेले. गाडी बदलताना मी पुढे, हे माझी पिशवी धरून मागे. बाळ हातात घेतलं ते मात्र ह्यांनी झोपेपर्यंत खाली ठेवलं नाही.

आता रत्नागिरीत कुणी परदेशी निघालं की हे त्याला सहा महिन्यांचा नियम असा समजावतात, जणू ह्यांनीच केलाय. मी मधे बोलत नाही, चहा ठेवते. पुढच्या खेपेला एकटीच जायचं ठरवलंय, ते ह्यांना अजून सांगायचंय.