व्हय म्हाराजा

"व्हय म्हाराजा!"

सगळे एका सुरात ओरडले आणि हसले. एकानं तर टेबलावर थाप मारली.

रत्नागिरीच्या तुरुंगाबाहेर लॉ कॉलेजच्या पोरांनी ते टेबल मांडलं होतं. वर कापडी फलक: कैद्यांना पॅरोलसाठी मोफत मदत. ऐंशी साल उजाडल्यापासून कॉलेजांना समाजसेवेची खाज सुटली आहे. माझा धाकटा भाऊ आत होता. बांधावरच्या मारामारीत समोरचा माणूस मेला, शिक्षा झाली, ती तो भोगत होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घरी आई अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरनं हात टेकलेले. तिला मरायच्या आधी त्याचं तोंड बघायचं होतं. थोडे दिवस त्याला घरी सोडावं, एवढाच अर्ज करायचा होता.

मी म्हटलं, "साहेब, माझं गाऱ्हाणं असं हाय..."

झालं. त्यांचा म्होरक्या, एका बड्या वकिलाचा मुलगा, खुर्चीतच उसळला. "गाऱ्हाणं? मग नीट घाला की, देवळात घालतात तसं! आम्ही आहोत ना साथीला."

आमच्याकडे देवापुढं एक जण गाऱ्हाणं घालतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळा गाव होकार देतो. पोरांनी तो होकार उचलला.

"आई लय आजारी हाय."

"व्हय म्हाराजा!"

"जेवण तुटलंय तिचं."

"व्हय म्हाराजा!"

"भावाचं नाव घेऊन हाका मारते."

"व्हय म्हाराजा!"

आणि मी हसलो. हातखंब्याच्या तिठ्यावर कपबशा विसळत वाढलेला, पुढं काजू-आंब्याच्या दलालीत भल्याभल्यांना घोळवणारा मी. गिऱ्हाईक हसलं की आपण हसायचं, ही धंद्याची सवय. एरवी मला 'अरे' म्हणणाऱ्याची मी कॉलर धरली आहे. त्या दिवशी दात काढून उभा राहिलो. काम त्यांच्या हातात आहे असं मला वाटत होतं.

म्होरक्या खूष झाला. "मामा, रविवारी आमच्या मदत केंद्राचं उद्घाटन आहे. निवृत्त जज्जसाहेब येतायत. तिथं हेच करा. तुमचा अर्ज पहिला."

मामा! त्याच्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठा असेन मी.

त्यांनी अर्ज लिहून घेतल्यावर मी सौदा केला. "आधी अर्ज आत द्या. मग रविवारी म्हणाल ते करतो."

"दिला समजा."

समजा! माल गाडीत चढल्याशिवाय मी सख्ख्या चुलत्याचंही 'समजा' ऐकत नाही. त्याचं ऐकलं. इस्त्रीच्या शर्टाला भुललो.

रविवारी हॉल भरलेला. हार, समई, सरबत. मला स्टेजच्या कोपऱ्यात उभं केलं. खुर्ची नाही. म्होरक्यानं माईक धरला. "आपल्या केंद्राचा पहिला अर्ज आज जज्जसाहेबांच्या शुभहस्ते रवाना होईल."

तबक आलं. तबकात, लाल फीत बांधलेला, माझ्या भावाचा अर्ज.

दिलाच नव्हता. फितीसाठी ठेवला होता. तिकडे आई एकेक श्वास ओढत होती आणि इकडे यांना शुभहस्त हवा होता.

"हां मामा, घाला गाऱ्हाणं!"

मी माईकपुढं गेलो. आवाज चढवला. "बा म्हाराजा, ह्या पोरांनी माझ्या आयशीचं मरण तबकात घालून ठेवलंय!" थांबलो. पोरांकडे बघितलं. "आता म्हणा की व्हय म्हाराजा!"

समईपाशी कोणीतरी खोकलं.

म्होरक्या कानाशी कुजबुजला, "अहो, काय हे? आम्ही तुमच्यासाठी एवढं केलं..."

"काय केलंत? फीत बांधलीत."

अर्ज उचलला. फीत तोडून त्याच्याच हातात कोंबली आणि निघालो.

सोमवारी तुरुंगाच्या कचेरीत उभा राहिलो. कारकुनानं अर्ज चाळला, शिक्का मारला. "भाऊ ना तुम्ही त्याचे? मग आधीच का नाय आणून दिलात? घरच्या माणसाला देता येतो."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. का सांगतील? सांगितलं असतं तर त्यांच्या टेबलापुढं कोण तिष्ठलं असतं?

मंजुरी आली तेव्हा आई जाऊन तिचे दिवसही उरकले होते. भाऊ घरी आला आणि रिकाम्या बाजल्यापाशी बसून राहिला. पोरांना म्हणे त्या वर्षी समाजसेवेची ढाल मिळाली. मिळू दे. आंबा सडका असला की पेटी जास्त सजवतात.

आता भेटीच्या दिवशी मी त्यांच्या टेबलाच्या शेजारी उभा राहतो. धंदा बुडवून. येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्यानं सांगतो, "अर्ज घरच्या माणसाला देता येतो. कोऱ्या कागदावर लिहा, स्वतः नेऊन द्या, पोच घ्या. हात जोडू नका."

पोरं म्हणतात, "मामा, आमच्या कामात अडथळा आणताय."

आणतोय. आणणार.

गाऱ्हाणं देवाला घालतात. तेही उभ्यानं, ताठ मानेनं. आणि त्यानं ऐकलं नाही तर पुढच्या वर्षी त्याच देवळात त्याला जाब विचारतात. टेबलापुढं मी पुन्हा गाऱ्हाणं घालणार नाही. आणि मी उभा आहे तोवर दुसऱ्या कोणाला घालू देणार नाही.